ओटीचं ताट

सकाळी दूध काढून झालं की माझं अर्धं लक्ष चुलीवर आणि अर्धं दिवळीतल्या फोनवर असायचं. चहा उतू जायचा, सासूबाई ओरडायच्या, "अगं, ध्यान कुठं हाय तुझं?" पण मला त्याचं काही नसायचं. फोन एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. एकदाच. मग माझा जीव भांड्यात पडायचा आणि मी पुढच्या कामाला लागायचे.

तो माझ्या नणंदेचा मिस कॉल. तिचा स्वतःचा फोन नवऱ्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी भिंतीवर आपटून फोडला होता. कोणाशी बोलतेस, एवढंच कारण. बोलत होती ती माझ्याशी. त्यानंतर तिची सासू सकाळी म्हशीखाली बसली की ती सासूचा बटनाचा फोन उचलायची, आमचा नंबर लावायची, एक घंटी झाली की कापायची आणि नंबर पुसून टाकायची. आमच्यात त्याचा अर्थ ठरलेला होता. 'आज मी आहे.' बरी आहे, असा नाही हं. नुसती आहे.

मी या घरात नांदायला आले तेव्हा ती दहावीत होती. जवळा बाजारच्या शाळेत सायकलवर जायची आणि येताना झाडाखाली पडलेल्या चिंचा ओढणीत बांधून आणायची. माझ्या माहेरी ज्वारीची भाकरी कमी, चपाती जास्त. इथं पहिल्या दिवशी मी भाकरी थापली तर ही बया ती हातात धरून अंगणभर फिरली. "या रे या, वैनीनं नकाशा काढलाय, हिंगोली कुठं हाय ते दाखवा." मला रडू आलं. मग संध्याकाळी चुलीपुढं बसून तिनंच मला थापायला शिकवलं, हाताला हात लावून. घरात दुसरं कोणी माझ्याशी हसून बोलत नव्हतं त्या दिवसांत. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, सासूबाई अबोल, आणि आमचे हे बारा वाजेपर्यंत शेतात. ती होती म्हणून मी टिकले, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन.

तिला दिलं ते हट्ट्याकडच्या एका गावात. लांब म्हणावं असं नाही. मोटरसायकलवर निघालं तर फडक्यातली भाकरी गार व्हायच्या आत पोचावं. स्थळ चांगलं होतं. पाण्याची जमीन, स्लॅबचं घर, पोरगं निर्व्यसनी. निर्व्यसनी हा शब्द लोक असा काही उच्चारायचे की जणू देवच सापडला. खरंच पीत नव्हता तो. शुद्धीवर मारायचा.

पहिल्या पंचमीला ती माहेरी आली तेव्हा दंडावर काळंनिळं होतं. "म्हशीनं शिंग मारलं," म्हणाली. दिवाळीला आली तेव्हा कानामागं खरचटलं होतं. पुन्हा म्हैस. त्या घरची म्हैस फारच मारकी होती बाई, आणि तिची शिंगं बरोबर माणसाच्या बोटांएवढी होती. तिसऱ्या खेपेला मी तिला न्हाणीत केस धुवायला बसवलं आणि म्हटलं, "आता म्हशीचं नाव घेशील तर मीच मारीन." तेव्हा ती बोलली. आणि त्याच दिवशी आम्ही मिस कॉलचं ठरवलं.

प्रत्येक खेपेला जाताना तिची ओटी मी भरायची. आमच्याकडं वटी म्हणतात. लेक माहेराहून निघाली की तिला पाटावर बसवायचं, हळदीकुंकू लावायचं, पदरात तांदूळ, नारळ, खण घालायचा. रिकाम्या पदरानं सवाष्ण उंबरा ओलांडत नाही. खरं तर हे आईचं काम. पण सासूबाईंच्या कपाळावर कुंकू नाही, म्हणून त्या ताटाला शिवत नसत. ओटी भरायची वेळ झाली की त्या आपणहून उठून मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायच्या आणि तिथून लेकीकडं बघायच्या.

मला याचा फार राग यायचा. आम्ही हळदवाले. माघ लागला की आमच्या घरात, अंगणात, अंथरुणात, भाताच्या घासात हळद. काढायची, शिजवायची, वाळवायची, घासायची. सासूबाई वाळत्या हळदीच्या ढिगात मांडी घालून बसायच्या, उन्हाळा संपेस्तोवर त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे, आणि त्याच बाईनं ताटातल्या चिमूटभर हळदीला मात्र शिवायचं नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आत्याबाई, पोत्यानं चालते अन् चिमटीनं न्हाई काय?" त्या म्हणाल्या, "तुला कळायचं न्हाई. लेकीचं वाईट व्हायला नको." त्यांच्या श्रद्धेला हात घालायची मला भीती वाटायची.

मग ती सकाळ आली. दूध काढून झालं, चहा झाला, भाकऱ्या झाल्या, फोन वाजला नाही.

मी दहा वेळा फोन उचलून बघितला. चार्जिंग होतं, रेंज होती. ह्यांना म्हटलं, "आज तिचा फोन न्हाई आला." हे हळद शिजवायच्या कुकरवाल्याशी बोलत होते. "विसरली असंल. तू बी काय, सकाळच्या पारी अभद्र." मी हळद पसरायला गेले. हात काम करत होते, कान दिवळीकडं. मनात नको नको ते यायचं. परत फोन करावा तर तिची सासू उचलणार, मग तिलाच मार. करू नये तर इथं बसून करायचं काय? देवाशपथ सांगते, त्या सकाळी मी घराला आत-बाहेर इतक्या येरझारा घातल्या की कुत्रं उठून माझ्या मागं फिरायला लागलं.

बाजाराचा दिवस होता. दुपारी जवळा बाजारहून येणाऱ्या काळीपिवळी जीपमधून बाया उतरल्या. मेथीच्या जुड्या, प्लास्टिकच्या बादल्या, कोणाच्या काखेत कोंबडी. आणि त्यांच्या मागं तोंडाला स्कार्फ बांधलेली एक. चालण्यावरून मी ओळखलं. ती बाजाराची पिशवी घेऊन घरातून निघाली होती, बाजाराच्या गर्दीत घुसली होती आणि दुसऱ्या जीपमध्ये बसून इकडं आली होती. पिशवीत एक टॉवेल होता. बाकी काही नाही.

सासूबाईंनी विचारलं, "काहून गं, न सांगता? आणायला मुराळी न्हाई, काही न्हाई?" ती म्हणाली, "आठवण आली." तेवढ्यावर सासूबाई चहा टाकायला उठल्या. त्यांना काय कळत नव्हतं? कळत होतं. पण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

मला तिनं न्हाणीत सांगितलं. सकाळी वैरणीवरून बोलाचाली झाली. त्यानं तिची मान धरली आणि गोठ्यातल्या हौदात डोकं बुडवलं. वर काढलं, परत बुडवलं. आणि मग अगदी शांतपणे म्हणाला, "आपल्या विहिरीला कठडा न्हाई. पाणी काढताना पाय घसरला, एवढंच सांगावं लागंल मला." हे सांगताना ती रडली नाही. मीच रडले. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, "आईला सांगू नको. ती मरून जाईल." मी शब्द दिला.

त्याच्या आदल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये एक वकीलबाई येऊन गेल्या होत्या. बचत गटाच्या आम्ही सगळ्या सतरंजीवर. मागं फलकावर 'मानवी हक्क' असं मोठ्या अक्षरांत. मला वाटलं, हे तुरुंगातल्या नाहीतर लढाईतल्या लोकांचं काहीतरी असेल, आपला काय संबंध? पण त्या बाई म्हणाल्या होत्या, "माणूस म्हणून जो हक्क आहे तो लग्नात माहेरी ठेवून जायचा नसतो. बाईला मारणं ही घरातली भानगड नाही, गुन्हा आहे." एक म्हातारी माझ्या कानात म्हणाली, "हिचं लग्न झालंय का बघ आधी," आणि आम्ही फिदीफिदी हसलो. त्या दिवशी न्हाणीत मला ते वाक्य आठवलं. मोठं हक्काचं वगैरे सोडा. ह्या पोरीला पाणी काढायला जाताना मागं कोण उभं आहे हे वळून बघायला लागू नये, एवढंच मागणं होतं आमचं.

मी ह्यांना म्हटलं, ठाण्यात जाऊ. हिंगोलीला अशा मार खाणाऱ्या बायांसाठी संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं जाऊ. माझा नवरा वाईट माणूस नाही. बहिणीवर जीव आहे त्याचा. पण भावकीपुढं त्याची मान वर होत नाही, आणि हौदाचं मी सांगितलं तर म्हणतो कसा, "रागाच्या भरात केलं असंल. ठाण्यात गेलं की दोर तुटला. आधी बैठक होऊ दे." विहिरीचंही सांगितलं. त्यानं हळदीचं एक कांड मोडून बघितलं आणि म्हणाला, "बोलतात माणसं."

बैठक ठरेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की आम्ही दोघी हातातलं काम टाकून एकमेकींकडं बघायचो. नळावर बाया कुजबुजायच्या. "नणंद बसली काय घरी? तुला जड होत असंल माय." मला! गावाला पक्की खात्री होती की भावजय म्हणजे नणंदेला कधी घालवते याचीच वाट बघणारी. मी म्हणायचे, "जड काहून? ती माझ्या डोक्यावर न्हाई, अंथरुणावर झोपते." त्या हसायच्या, पण पटायचं नाही कोणाला.

ती मात्र दिवसेंदिवस शांत होत चालली. हळद घासायची, पोरांचे केस विंचरायची, सांगितलं ते करायची. माझ्या भाकरीची मस्करी तेवढी करत नव्हती. मी मुद्दाम एकदा वाकडीतिकडी थापली. तिनं ती उचलली, शेकली आणि टोपल्यात ठेवली.

बैठकीच्या दिवशी अंगणभर हळद वाळत पडली होती, म्हणून सतरंजी एका कडेला घातली. तिचा सासरा आला, दोन-तीन भावकीतले आले, आमच्या गावचे वडीलधारे आले. जावई पांढऱ्या शर्टात, इस्त्री केलेला, सगळ्यांच्या पाया पडला. माझ्याही पडायला आला, मी पाय मागं घेतले. सासऱ्यानं पेढे आणि साडी आणली होती. माणूस बोलायला गोड. "विहीणबाई, लेकरं हायत. चुकतात. मी हमी घेतो."

चहा झाला. आम्ही बाया दारात. सासूबाई उंबऱ्याशी सूप घेऊन हळद निवडत बसलेल्या, नणंद माझ्या मागं. बोलणं सुरू झालं आणि मला पाच मिनिटांत कळलं की इथं ठरवायचं काहीच नाही, सगळं ठरवूनच आलेत. भांड्याला भांडं लागतंच. पोरगीही जरा तोंडाळ आहे. हल्ली मोबाइलनं संसार बिघडले. आणि मग आमच्याच गावचा एक म्हातारा, पान लावता लावता, "नवऱ्यानं मारलं अन् पावसानं झोडपलं, तक्रार करायची कोणाकडं?" सगळे हसले. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ही म्हण ज्यानं काढली तो नक्की कोरड्यात बसलेला असणार.

माझ्याच्यानं राहवलं नाही. दारातून म्हटलं, "हौदात डोकं कोणी बुडवलं? पावसानं?"

ह्यांनी माझ्याकडं डोळे वटारले. जावई हसला. अगदी मोकळं हसला हो. "वैनी, मस्करी केली. उन्हाचे दिवस. नवराबायकोत मस्करी बी करायची न्हाई काय?" दोघे-तिघे हसले, बाकीच्यांनी पेढ्याकडं बघितलं. सासूबाईंचा सुपातला हात थांबला होता. त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं होतं. मी विहिरीचंही बोलणार होते, तोंड उघडलं होतं, तोच मागून नणंदेनं माझा पदर ओढला. शब्द दिला होता ना मी, अर्धा तर मोडलाच होता. आईसमोर नाही.

मग वडीलधाऱ्यांनी तिलाच विचारलं. पोरी, तुझं काय म्हणणं? सगळे पुरुष, सगळे तिच्याकडं बघणारे, आणि भाऊ खाली मान घालून बसलेला. ती भावाकडं बघत राहिली. तो वर बघेल म्हणून वाट बघितली तिनं, मला दिसत होतं. मग म्हणाली, "जाते."

लगेच सगळ्यांचे श्वास सुटले. झालं, मिटलं. सासरा म्हणाला, "चला, वटी भरा. रिवाजानं आणली होती, रिवाजानंच नेतो. वटी भरल्याबिगर सवाष्ण गाडीत बसवायची न्हाई आमच्याकडं. येताना तशीच, रिकाम्या पदरानं आली पोरगी, घराला बरं न्हाई ते." आणि माझ्याकडं बघून, "सूनबाई शहाणी हाय. आटपा."

मी आत गेले. ताट काढलं, तांदूळ घेतले, करंडा ठेवला, नारळ, खण. डोक्यात एकच घुमत होतं. हिला मी आता माझ्या हातानं कुंकू लावून त्या विहिरीकडं पाठवणार. बाहेर आले तर ती पाटावर बसलेली, पदर पसरून, खाली बघत. सासूबाई नेहमीसारख्या उठून मागच्या दाराकडं गेल्या नाहीत, हे मला तेव्हा जाणवलं नाही. मी हळद लावली. कुंकवात बोट बुडवलं. तिच्या कपाळाशी वाकले तेव्हा ती पुटपुटली, मला एकटीलाच ऐकू जाईल असं.

"वैनी, उद्यापासून मिस कॉल न्हाई आला तर भिऊ नको."

माझं बोट तिथंच राहिलं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती मला धीर देत होती. मरायला निघालेली पोर मला धीर देत होती! माझ्या अंगात कुठून काय आलं ठाऊक नाही. मी ताट जमिनीवर आदळलं, तांदूळ उडाले. "मी न्हाई भरत वटी."

"येडी झालीस काय?" हे उठले.

"व्हय, झाले येडी. जिवंत परत येणार न्हाई तिची वटी मी भरत न्हाई. ह्यानं तिला विहीर दाखवलीय. पाय घसरला म्हणून सांगीन म्हणतो. विचारा त्याला. ही बी मस्करीच असंल!"

उरलेला शब्दही मोडला होता मी. नणंदेनं तोंड झाकून घेतलं. मला सासूबाईंकडं बघायचा धीर झाला नाही. एकदम सगळे बोलायला लागले. जावई म्हणाला, "खोटं हाय समदं." पानवाला म्हातारा म्हणाला, बाईच्या जातीला बैठकीत बोलायला कोणी सांगितलं. आणि सासऱ्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तोच तो गोड आवाज. "ऱ्हाऊ द्या. सूनबाईला बरं न्हाई. गावात दुसरी सवाष्ण न्हाई काय?"

शेजारच्या घरची काकू भिंतीला टेकून सगळं बघत होती. ह्यांची चुलती. रीतभात म्हणजे काकू. ह्यांनी तिच्याकडं बघितलं, "काकू, तुमी भरा." काकू आली, मला म्हणाली, "सरक गं," आणि ताटाशी बसली. सांडलेले तांदूळ गोळा केले, ताटात घातले. करंडा सरळ केला. मी काय करणार होते? ताट लाथेनं उडवणार होते? सगळं संपलं असं वाटलं. काकूनं पहिली मूठ भरली.

तेव्हा सासूबाई उठल्या. सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, चालत आल्या आणि पाटापुढं बसल्या. आणि दोन्ही हात, कोपरापर्यंत पिवळे हात, त्या ताटात घातले. तांदळात, कुंकवात, नारळावर. तळापर्यंत. माणूस पीठ कालवतं तसे.

"भरा आता," त्या म्हणाल्या.

काकूच्या मुठीतले तांदूळ गळून पडले. सासरा अर्धवट उठला. "विहीणबाई! हे काय केलं? तुमचा हात... इधवेचा..."

"व्हय. इधवेचा." आवाज मोठा नव्हता. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आजवर ताटापासून लांब बसले मी. लेकीचं वाईट होऊ नये म्हणून. सांगा, लांब बसून कोणतं चांगलं झालं?"

कोणीतरी मागून म्हणालं, दुसरं ताट करा. सासूबाई म्हणाल्या, "करा. त्यात बी घालते. ह्या घरातला दाणा न् दाणा माझ्या हातचा हाय. कुठला घेता बघू." काकू उठली, पदराला हात पुसले. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं बाई. असल्या ताटानं वटी भरून पाप कोण घेईल?" ती घाबरली होती का सुटली होती, मला आजही सांगता येत नाही. जाता जाता तिनं नणंदेच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढं मी बघितलं.

सासऱ्यानं पेढ्यांचा पुडा उचलला. साडी विसरला. त्याच्याच रिवाजानं त्याचे पाय बांधले होते. आता ती गाडीत बसायला तयार असती तरी त्यानं बसवली नसती. जावई मात्र दारात वळला. हसत नव्हता. "ठेवा घरातच. बघतो किती दिवस ठेवता ते." त्यांच्या गाडीचा आवाज हट्ट्याच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही कोणी हललो नाही.

मग माझा नवरा बहिणीपुढं येऊन बसला. मान खालीच. "सकाळी हिंगोलीला जाऊ," म्हणाला. आणि लहान पोरासारखा रडायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "आता रडू नको. वर बघ आधी तिच्याकडं."

गोष्ट इथं संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तक्रार देणं म्हणजे काय, हे दिल्यावर कळतं. ठाण्यातला माणूस म्हणाला, घरचं घरात मिटवा की. संरक्षण अधिकारी मॅडमनी मात्र पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं. केस चालू आहे. तारखा पडतात. गावात म्हणतात, भावजयीनं नणंदेचा संसार मोडला. मोडला तर मोडला. फुटकं भांडं चुलीवर ठेवून कोण कालवण शिजवतं? तोंडानं असं म्हणते मी, पण रस्त्यावर मोटरसायकल थांबली की अजूनही माझ्या हातातलं काम थांबतं. शेताकडं जाताना ती मागं पडली की मी वळून बघते. आमच्या विहिरीला ह्यांनी कठडा बांधून घेतला. ती हसली, "दादा, आपल्या विहिरीची भीती कुठं होती?" तरी बांधला.

परवाच्या तारखेला ती पहिल्यांदा एकटी निघाली. ह्यांना हळद विकायला वसमतच्या मोंढ्यात जायचं होतं, पोराला ताप म्हणून मला घर सोडता येईना. मी म्हटलं, तारीख पुढं घ्यायला सांगू. ती म्हणाली, "किती वेळा पुढं घ्यायची?" तिच्याकडं आता जुना का होईना, स्वतःचा फोन आहे. "पोचले की मिस कॉल देते," म्हणाली आणि चपला घातल्या.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. आत गेल्या, करंडा घेऊन आल्या. स्वतःच्या बोटानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पदरात मूठभर तांदूळ घातले. ती बघतच राहिली. "आये, मी कोर्टात चाललेय, सासरी न्हाई."

"मग? सांजेला घरीच येणार ना? जा."

ती गेली आणि माझं जुनं दुखणं सुरू झालं. जवळा बाजारहून गाडी मिळाली असेल का? तोही येणार तिथं. एकटा येईल का चौघं घेऊन? स्टँडपासून कोर्टापर्यंत रस्ता गर्दीचा आहे, पण गर्दीत कोणी कोणाला हात लावला तर गर्दी काय करते, ते मी अंगणात बघितलं आहे. पोराच्या कपाळावर पट्टी ठेवायची, फोनकडं बघायचं. डाळ करपली. पोचायची वेळ होऊन गेली. अजून थोडी गेली. मी देवाला म्हटलं, एक घंटी. एकच दे. जास्त मागत नाही.

फोन वाजला.

मी डोळे मिटले. माझा जीव भांड्यात पडला. आता बंद होईल म्हणून मी हात पुढं केलाच नाही. सवयच तशी. फोन बंद झाला नाही. वाजतच राहिला. मी त्याच्याकडं बघत उभी, आता हे काय नवीन, पोलिसाचा असेल का, दवाखान्याचा असेल का. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "अगं, उचल की!"

उचलला. मागं गाड्यांचे आवाज, कोणीतरी चहा चहा ओरडतंय.

"वैनी," ती म्हणाली, "काहून उचलून न्हाई राहिलीस? किती वेळ वाजवू? बोलायचंय मला."